खिशातली कचेरी

निवृत्त फौजदारांच्या मोबाइलवर ‘दाजी’ हे नाव उजळले आणि हातातला चहाचा पेला ओठांपाशीच थांबला. दाजी म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांना अखेरचा निरोप देऊन अजून आठवडाही उलटला नव्हता.

“मामा, मी बोलतोय,” पलीकडे भाचा होता. “बाबांच्या फोनवरून. माझा फोन चोरीला गेलाय. तुम्ही लगेच या. दुसऱ्या कुणाच्या हाती लागायच्या आत तो मला मिळालाच पाहिजे.”

भाचा पुस्तकांच्या पानांची मांडणी करीत असे. संगणक त्याने केव्हाच विकून टाकला होता. मोबाइल तारेने मोठ्या पडद्याला जोडला, समोर कळफलक ओढला, की तोच त्याचा संगणक. काम संपले की तार काढून सारे दप्तर खिशात. “आमच्या चिरंजिवांची कचेरी खिशात असते, पण साहेबांची भेट काही मिळत नाही!” अशी दाजी थट्टा करीत.

भाच्याची खोली जिन्याच्या पायथ्याशी होती. फौजदारांनी टेबल न्याहाळले. पडदा काळा. कळफलक जागच्या जागी. शेजारी पैशांचे पाकीट तसेच पडलेले. तारेचे टोक तेवढे मोकळे लोंबत होते.

“कधीपासून नाही?”

“बाबा गेले त्या दिवसापासून. ते गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होते, मी इथे कामात. आई बाजारातून आली, वर गेली आणि किंचाळली. मी फोन तारेलाच ठेवून धावलो. परत आलो तर फोन नाही.”

“बेल देऊन पाहिलीस?”

“दुसऱ्या दिवसापर्यंत बेल जात होती, मग बंद झाला. घरात ऐकू कसा येणार? काम करताना मी आवाज बंदच ठेवतो. मध्येच कुणाचा फोन आला की हातातलं पान राहतं बाजूला.”

“म्हणजे काम बुडालं म्हणायचं.”

“छे, काम कुठं जातंय? त्याची प्रत आपोआप दुसरीकडे साठते. नवा फोन घेतला की सगळं परत मिळेल.”

फौजदारांनी मान वर केली. “मग त्या फोनसाठी इतका जीव का टाकतोयस?”

भाच्याने नजर चुकवली.

“बरं. डॉक्टरांना कुणी बोलावलं?”

“मी. बाबांचा फोन त्यांच्या हातातच होता. त्यावरून.”

“आणि आई?”

“पाणी आणायला खाली गेली.”

“आणलं?”

भाचा विचारात पडला. “नाही. रिकाम्या हातांनीच वर आली.”

बहीण स्वयंपाकघरात बसली होती. खिडकीतून रखरखीत ऊन येत होते, तरीही दाजींचा जाड कोट तिने खांद्यांवर घेतला होता.

“आलास फौजदारकी करायला? आधी जेवून घे.”

“ताई, त्याचा फोन पाहिलास?”

“मी कशाला हात लावू? तार निघाली की त्याचा पडदा काळा होतो, मग ओरडतो.” बोलता बोलता तिचा हात कोटाच्या खिशावर गेला आणि तिथेच राहिला.

फौजदारांनी दोघांना भाच्याच्या टेबलापाशी बसवले.

“चोर बाहेरचा नाही. चोराने पाकीट सोडलं नसतं आणि फोन आधी बंद केला असता. हा चार्जिंग संपेपर्यंत चालू होता. ताई, तू पाण्याला उतरलीस आणि पाण्यावाचून वर गेलीस. वाटेत हे टेबल आहे.”

बहिणीने कोटाच्या खिशातून फोन काढला.

“माझा पिशवीत होता. हा समोर दिसला, म्हणून डॉक्टरांना लावायला उचलला. त्याच्यावर ह्यांचं नाव, एकाखाली एक. हे वरून लेकाला बोलावत होते आणि लेक इथे… त्याला कळलं असतं तर जन्मभर स्वतःला खात बसला असता रे.”

“त्याला तेव्हाच कळलं, ताई,” फौजदार हळूच म्हणाले. “डॉक्टरांना लावायला त्याने दाजींचा फोन हातात घेतला, तेव्हा त्यावर त्याचंच नाव होतं. काम सुरक्षित असूनही तो हा फोन शोधत होता. का रे?”

“आईनं पाहायच्या आधी मला बाबांचे ते कॉल पुसायचे होते,” भाचा कसाबसा म्हणाला. “खाली होतास तर आला का नाहीस, असं आईनं विचारलं असतं तर मी काय सांगणार होतो?”

फौजदारांनी स्वतः फोन चार्जिंगला लावला. तपास संपला होता; तरी त्यांना कुणाकडेच पाहवेना. काही वेळाने काच उजळली. बाबा. बाबा. बाबा.

भाच्याचे बोट त्यावर थबकले. “पुसू का, आई?”

“नको.” तिने त्याचे मनगट धरले. “ती हाक तुला आहे. मला तर त्यांनी एकदाही लावला नाही.”

भाच्याने फोनचा आवाज सुरू केला आणि तो आईच्या ओंजळीत ठेवला.