आमच्या फोटोंत त्याचं मांजर

"वरून तिसरी ओळ वाचा."

"कुठली ओळ?" खुर्चीतल्या माणसाने विचारलं.

"बरं... मग पाटी तरी दिसते का?"

"पाटी दिसते. आणि तुमचा फोन दिसतो. मघापासून 'जागा संपली, जागा संपली' म्हणून कोकलतोय बिचारा."

मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. ग्राहकाने माझ्या फोनची काळजी केल्याची ही पहिलीच वेळ. त्याचा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. बोलता बोलता मी सांगून टाकलं, की आईला जाऊन चार वर्षं झाली, तिचे सगळे फोटो बाबांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये आहेत, आणि तो लॅपटॉप हल्ली चालू होताना खोकतो.

"रविवारी येतो," तो गंभीरपणे म्हणाला. "तोवर त्याला खोकू देऊ नका."

रविवारी आला. नवा चष्मा, नवा शर्ट, इस्त्री फक्त पुढून. आईचे फोटो त्याने बाबांच्या ऑनलाइन खात्यात चढवले, लॅपटॉप त्या खात्याला जोडला आणि वर एका छोट्या ड्राइव्हवरही सगळं उतरवलं.

"हा ड्राइव्ह या घरात ठेवायचा नाही हं. एक प्रत दुसरीकडेच हवी."

तो ड्राइव्ह मावशीकडे गेला, तिच्या कपाटात, चादरींच्या खाली.

तीन दिवसांनी मावशीचा फोन. खात्यातले फोटो तिलाही दिसायचे.

"भावोजींनी मांजर कधी पाळलं गं?"

"कुठलं मांजर?"

"ताईच्या वाढदिवसाच्या फोटोशेजारी बसलंय. पिवळं. दीड कानाचं."

खरंच बसलं होतं! दुसऱ्या दिवशी एक करपलेलं पातेलं आलं. मग दोरीवर वाळणारा एकटाच मोजा. बाबा चक्रावले; मीही. मग डोक्यात प्रकाश पडला... खातं नीट चालतंय का ते बघायला त्याने ते स्वतःच्या फोनवर उघडलं होतं आणि बंद करायला विसरला होता. त्याचे फोटो थेट आमच्या घरात येऊन पडत होते.

त्याला सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. का, ते विचारू नका — मलाच कळत नव्हतं. पण दुपारी डबा खाताना मी आधी फोन उघडायचे, मग डबा.

एके दिवशी त्यात एका कागदाचा फोटो आला. अक्षर कोंबडीचे पाय.

'तुम्हाला एक विचारायचं होतं' — खोडलेलं. 'तुम्ही संध्याकाळी काय करता?' — खोडलेलं. खाली, न खोडलेलं: 'चष्मा सैल झालाय.'

दुसऱ्या दिवशी तो दुकानात हजर. "चष्मा सैल झालाय."

मी चष्मा हातात घेतला, बघते तर स्क्रू खरोखरच सैल! आता काय समजायचं? कागद माझ्यासाठी, की निव्वळ स्क्रूसाठी? स्क्रू आवळताना मी गोंधळून भलतंच बोलून गेले.

"तुमचं मांजर गोड आहे."

"माझं मांजर? तुम्हाला कसं..."

त्याचा चेहरा आधी पांढरा, मग लाल. चष्मा न घेताच तो बाहेर पडला.

तासाभरात बाबांचा फोन. "बाळा, आईचे फोटो दिसत नाहीयेत." इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

घरी पोचले, तर तो आधीच दारात, धापा टाकत. लाजेने स्वतःचे फोटो पुसायला गेला, डोळ्यांवर चष्मा नाही, सगळेच निवडले गेले. वर घाईत खात्यातली कचऱ्याची पेटीही रिकामी केली. लॅपटॉप त्याच खात्याला जोडलेला, तिथूनही सगळं गेलं.

"मावशींकडचा ड्राइव्ह," तो म्हणाला. "त्याला यातलं काही कळलेलं नाही. चला."

लॅपटॉप घेऊन आम्ही तिघं रिक्षाने मावशीकडे पोचलो. मावशीने चादरी उपसल्या. मी त्याचा चष्मा त्याच्या हातात दिला, त्याने ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला, आणि आम्ही चौघं पडद्याकडे बघत राहिलो.

आई आली. छत्री झटकणारी आई. दातांत केसाची पिन धरून फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली आई...

"मीच काढला होता हा," बाबा म्हणाले.

मावशीने डोळे पुसले. "भावोजी, जरा आत या. डबा उघडत नाहीये."

आम्ही दोघंच उरलो. मी विचारलं, "तो कागद... कुणासाठी होता?"

"तुम्ही वाचलात?"

"मी, बाबांनी, मावशीने."

"अक्षर सुधारा!" आतून मावशी.

त्याने मान खाली घातली. "स्क्रू मीच सैल केला होता. अर्धा तास लागला. तुम्ही समोर आलात की पाठ केलेलं सगळं जातं हो... मला तुम्ही आवडता. पण आज जे केलं, त्यानंतर तुम्ही माझं तोंडही—"

"एक अट आहे."

"कुठलीही."

"मला 'तुम्ही' म्हणायचं नाही."

"बरं. तुम्ही म्हणाल तसं." त्याने जीभ चावली. "म्हणजे... तू म्हणशील तसं."

मला हसू आवरेना. तो मात्र घाईघाईने सराव करायला लागला. "तू उभी का? तू बस ना. तू पाणी घेशील?" माझ्याच मावशीच्या घरी त्याने मला पाहुणी करून टाकलं!

मी बसले. त्याच्या अगदी शेजारी.