अठ्ठावीस गाद्या

प्रश्न क्रमांक एकेचाळीसपाशी मोनाली खडतरे प्रत्येक घरात अडकायची. पहिले चाळीस कसेबसे पार पडत. ओला कचरा किती, सुका किती, बॅटऱ्या कुठे टाकता, सांडपाणी कुठे जातं. लोक निम्मं खरं, निम्मं खोटं सांगत आणि ती निमूटपणे टॅबवर भरत जाई. मग एकेचाळिसावा यायचा : ‘गत वर्षात आपल्या घरातील कोणत्या टाकाऊ वस्तूस दुसरे जीवन लाभले?’

“जीवन?” पूनम घाडगेने भांडी विसळता विसळता विचारलं. “ताई, इथं माणसाला धड जगता येईना, वस्तूला कसलं जीवन?”

“म्हणजे जुनं काही परत वापरलं का, एवढंच सांग.”

“सगळंच वापरतो की. तुम्हीच लिहा काहीतरी.”

“मी लिहिलेलं चालत नाही गं. तुझ्याच आवाजात लागतं.”

टॅबमधला सर्वेक्षण-सहायक घरच्या माणसाचा आवाज ओळखल्याशिवाय पुढचा प्रश्न उघडत नसे. “कृपया उत्तर पूर्ण करा,” तो गोड आवाजात म्हणाला. मोनालीला तो टॅब विसळणाच्या पाण्यात बुडवावासा वाटला. तांबवेपेठ नगरपालिकेने शहरातल्या सगळ्या अंगणवाडी सेविकांना हे काम लावलं होतं. मोनालीच्या वाट्याला दोनशे चाळीस घरं आली होती आणि आज कुठे सत्तराव्या घरात ती बसली होती. अंगणवाडीतली मुलं दुपारी झोपली, की त्यांना मदतनीस सरूबाईवर सोपवून ती बाहेर पडायची आणि उन्हातान्हात घरं फिरायची.

प्रश्नांखेरीज आजपासून आणखी एक काम वाढलं होतं. कागदोपत्री ज्याला ‘गृहवायू-परीक्षक’ म्हणत, त्या मुठीएवढ्या यंत्राला सगळ्या सेविका नाकाडं म्हणायच्या. घराच्या मध्यभागी ठेवलं की ते सात मिनिटं हवा आणि धूळ ओढून घ्यायचं. आत एक बारीक पडदा होता आणि त्यावर कुत्र्याच्या नाकातल्या पेशींच्या धर्तीवर बनवलेली हजारो सूक्ष्म छिद्रं. प्रत्येक रसायनाचा कण आपापल्या मापाच्या छिद्रातच अडकायचा. त्यावरून घराच्या धुळीत काय काय आहे ते कळायचं आणि त्या घराचा ‘धूळठसा’ तयार व्हायचा. अंगठ्याचा ठसा जसा दोघांचा सारखा नसतो, तसा दोन घरांचा धूळठसाही सारखा नसतो, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.

नाकाड्यावर लाल दिवा लागला. ‘ज्वालारोधक रसायन : धोक्याची पातळी. स्रोत : अज्ञात.’

“काय झालं?” पूनमने हात पुसत विचारलं.

“काही नाही. बिघडलंय मेलं.”

सकाळपासून ते बिघडलेलंच होतं. सलग सात घरांत तोच लाल दिवा लागला होता. मोनालीने अंगणात येऊन पर्यवेक्षक टोणपेंना फोन लावला.

“सर, यंत्र बदलून द्या. सगळीकडं एकच दाखवतंय.”

“मॅडम, कालच दिलंय तुम्हाला. रीडिंग येतंय ना? मग भरा आणि पुढं चला.”

“अहो, पण धोक्याची पातळी म्हणतंय. लोकांना काय सांगू?”

“काही सांगायचं नाही. तुम्ही फक्त गोळा करायचं. विश्लेषण वरती होतं.”

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या प्रभागातल्या सेविकेचं यंत्र मागून आणलं. त्यानेही तेच दाखवलं. आता मात्र तिची चिडचिड जरा वेगळ्या दिशेला वळली. दोन यंत्रं एकच खोटं कशाला बोलतील? ती घराघरांत नजर फिरवू लागली. एका घराला नवा रंग होता, दुसऱ्याला दहा वर्षांत चुनाही लागला नव्हता. कुणाकडे गॅस, कुणाकडे विजेची शेगडी. उदबत्ती म्हणावी, तर काही घरांत ती लागतच नव्हती.

उत्तर मिळालं ते एका जवळपास रिकाम्या खोलीत. सरकारी दवाखान्यात नव्याने आलेली परिचारिका तिथे भाड्याने राहत होती. खोलीत एक बादली, एक बॅग, दोन भांडी आणि भिंतीकडेला एक गादी. तरी लाल दिवा लागलाच. मोनालीने नाकाडं बादलीजवळ नेलं, बॅगेजवळ नेलं, मग गादीवर टेकवलं. त्याबरोबर ते एवढ्या जोरात किंचाळलं की परिचारिका दचकून उभी राहिली.

“कुठून आणली गादी?”

“घरमालकांनी दिली. इथले कुणी चाचा आहेत ना, ते फुकट शिवून देतात म्हणे.”

गादीच्या खोळीला निळ्या दोऱ्याची दुहेरी शिवण होती. ती शिवण मोनालीला पाठ होती. दस्तगीर नदाफ. अख्ख्या पेठेत त्यांच्या हातची उशी किंवा गादी नाही असं घर शोधावं लागलं असतं. आणि तिच्या स्वतःच्या अंगणवाडीत तसल्या अठ्ठावीस छोट्या गाद्या होत्या. तिनेच मागितल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी चाचांच्या दारात जाऊन, “लेकरं फरशीवर झोपतात हो चाचा,” असं म्हणून.

ती अंगणवाडीत पोहोचली तेव्हा मुलं गाढ झोपली होती. कुणी पालथं, कुणी उशीत नाक खुपसून. तिने पहिल्याच गादीवर नाकाडं ठेवलं. ते किंचाळलं. मुलं जागी होऊन रडायला लागली.

“अहो बाई, आत्ताच कुठं निजली होती!” सरूबाई वैतागली.

“उठव सगळ्यांना. गाद्यांवरून उठव.”

“का? ढेकूण झाले?”

मोनालीने एकेक मूल उचलून फरशीवर बसवलं. गाद्या तिने मागच्या खोलीत एकावर एक टाकल्या आणि दाराला कडी घातली. चार वर्षांची कावेरी तिच्या पदराला धरून मागोमाग फिरत होती आणि “माझी गादी, माझी गादी” म्हणून भोकाड पसरत होती.

दस्तगीरचाचांची शेड पेठेच्या टोकाला होती. एकतीस वर्षं त्यांनी बस आगाराच्या सीट विभागात काम केलं होतं. त्यांचे आजोबा गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. कापूस गेला, पण हात तेच राहिले. सहा वर्षांपूर्वी डिझेलच्या बसगाड्या मोडीत निघाल्या, लोखंड विकलं गेलं आणि सीटांचा ढीग आगाराच्या मागे पडून राहिला. निवृत्त झालेल्या चाचांनी तो रीतसर परवानगी काढून उचलला. आतला फोम काढून, धुऊन, उन्हात वाळवून ते गाद्या शिवू लागले. नगरपालिकेने दोनदा त्यांचा सत्कार केला होता.

मोनालीने सांगितलं ते त्यांनी मशीनवरचा पाय न काढता ऐकलं. मग पाय काढला.

“म्हणजे फोममध्ये विष आहे?”

“आग लागू नये म्हणून त्यात एक औषध घातलेलं असतं चाचा. फोम जुना झाला की ते धुळीतून बाहेर पडतं. ती धूळ श्वासातून अंगात जाते. लहान मुलांच्या वाढीला वाईट.”

“मला ठाऊक होतं की त्यात औषध आहे.”

“ठाऊक होतं?” मोनालीने विचारलं.

“म्हणूनच निवडला मी,” चाचा म्हणाले. “शंकरघाटात एक गाडी पेटली होती. मी गेलो होतो सीटा उतरवायला. पुढच्या नव्या फोमच्या सीटा नुसत्या काळ्या पडलेल्या, मागच्या जुन्या पार जळून गेलेल्या. तेव्हाच मनात धरलं. घराघरात शेगडी असते, लेकरं जवळ झोपतात. पेट न घेणारी गादी द्यावी.” त्यांनी गळ्यापाशी हात नेला. तिथे शस्त्रक्रियेचा आडवा व्रण होता. “ह्या गाठीचं डॉक्टरनं कधी कारण नाही सांगितलं. मीही नाही विचारलं.”

नोंद तर करायची होतीच, म्हणून मोनालीने टॅब पुढे धरला. एकेचाळिसाव्या प्रश्नावर चाचा सावकाश म्हणाले, “बसच्या सीटांच्या गाद्या केल्या. करायला नको होत्या.”

“अभिनंदन!” सहायक म्हणाला. “आपल्या घरास पुनर्वापराचे पूर्ण गुण प्राप्त झाले आहेत.”

“अरे, नको होत्या म्हणतायत ना ते!” मोनाली टॅबवर ओरडली.

“उत्तर नोंदवले गेले आहे. बदल करता येणार नाही.”

तिने तिथूनच टोणपेंना फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

“हे बघा,” टोणपे म्हणाले, “हवेचं रीडिंग आरोग्य विभागाकडं जातं. पुनर्वापर हा स्वच्छता विभाग. दोन वेगळी खाती आहेत. मी कुणाला सांगू?”

“दोघांनाही सांगा!”

“तुम्ही असं करा, अर्जातल्या ‘शेरा’ रकान्यात लिहा.”

शेऱ्याच्या रकान्यात चाळीस अक्षरं बसत होती. मोनालीने तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

“जाऊ दे ते,” चाचा उठत म्हणाले. “ज्या हातानं वाटल्या, त्याच हातानं गोळा करतो.”

पुढचे चार दिवस दोघं हातगाडी घेऊन पेठेत फिरली. लोकांनी जीव नकोसा केला. एकजण म्हणाला, फुकट दिलेलं परत मागायला लाज नाही वाटत का? एक म्हातारी गादीवर बसूनच राहिली. माझी पाठ ह्याच्यामुळं शाबूत आहे, मेले तरी ह्याच्यावरच मरेन म्हणाली. पूनमने मात्र दोन्ही उशा आणून दिल्या. “पोरगा रात्रभर खोकतो,” एवढंच ती म्हणाली आणि हातगाडीला हात लावून कोपऱ्यापर्यंत आली. कुठे चाचांना शिव्या मिळाल्या, कुठे पाणी. ते दोन्हीला मान डोलवत. चौथ्या संध्याकाळी शेडमध्ये अंगणवाडीच्या अठ्ठावीस धरून एकशे नव्वद नग जमले आणि मोनालीने तो आकडा टॅबवर भरला. अजून जवळपास तेवढेच लोकांच्या घरातच होते.

पाचव्या दिवशी सकाळी दारात नगरपालिकेचा टेम्पो येऊन उभा राहिला. चालक तरुण होता, नम्र होता. त्याने फोनवरचा आदेश दाखवला : ‘पुनर्वापरयोग्य साहित्य, एकशे नव्वद नग. उत्तम स्थिती. मागणी : मुलांचे वसतिगृह, रांजणी.’

“हे कुणी नोंदवलं?” मोनालीने विचारलं.

“कुणी नाही ताई. तुमच्या टॅबनं एका ठिकाणी एवढा माल जमल्याचं कळवलं, गाडी आपोआप लागली.”

“हा माल मुलांना द्यायचा नाही. धोकादायक आहे.”

“मग तसं बदलून द्या. मला काय, मी उचलणारा.”

मोनालीने टॅब काढला. साहित्याच्या यादीत तीनच पर्याय होते : पुनर्वापरयोग्य, कुजणारे, जाळण्याजोगे. तिने फोन लावला. टोणपेंचा फोन लागला नाही. तिने आरोग्य विभागाला लावला. त्यांनी स्वच्छता विभागाचा नंबर दिला.

तेवढ्यात चाचांनी कोपऱ्यातून मोठी कात्री उचलली आणि वरच्या गादीची शिवण धरली.

“चाचा, नका!” तिने त्यांचा हात पकडला. “फाडलं तर सगळी धूळ इथंच उडेल. तुमच्याच छातीत जाईल.”

चाचांनी कात्री खाली ठेवली. शेडमध्ये दरवाजाला लावून उरलेला काळा ऑइलपेंट होता. तो डबा मोनालीने उघडला, ब्रश बुडवला आणि पहिल्या छोट्या गादीवर या कडेपासून त्या कडेपर्यंत मोठ्या अक्षरांत लिहिलं : ‘यावर मूल झोपवू नका’. मग दुसरीवर. चाचांनी तिच्या हातातून ब्रश घेतला आणि तिसरीवर स्वतः लिहिलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं. एकतीस वर्षं बसच्या सीटांवर आकडे काढलेला हात होता तो.

चालक बराच वेळ बघत उभा राहिला. मग आत आला आणि लिहून झालेल्या गाद्या बाजूला लावू लागला.

दुपारपर्यंत एकशे नव्वद नगांवर अक्षरं उमटली. टेम्पो रिकामाच उभा होता.

“आता वसतिगृह हे घेणार नाही,” चालक म्हणाला.

“घेऊच नये.”

“जाळता येणार नाही.”

“जाळला तर जास्तच विष निघतं,” मोनाली म्हणाली.

“आणि पुरलं, तर पाण्यात उतरणार.” त्याने हातावरचा काळा रंग पँटला पुसला आणि आधी मोनालीकडे, मग चाचांकडे पाहिलं. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती, त्याला खरंच उत्तर हवं होतं. “मग ताई, चाचा, तुम्हीच सांगा. गाडीत भरतो, म्हणाल तिथं नेतो. पण न्यायचं कुठं?”