मोजणाऱ्याला माहीत नव्हतं

कोंबडीची दोन डझन अंडी सांभाळत ती जिना उतरत होती आणि तो दोन-दोन पायऱ्या गाळत वर येत होता. ऐनवेळी तो भिंतीला चिकटला, म्हणून प्रयोगशाळेची अब्रू वाचली.

"किती जणांचं ऑम्लेट आहे?"

"आत पिल्लं वाढतायत. आणि तू कोण?"

"मोजायला पाठवलंय मला. मॅडमनी."

झालं, त्या दिवसापासून ती अंडेवाली आणि तो मोजणीदार.

काम नाजूक होतं. कवचाला खिडकी पाडायची, आतल्या तीन दिवसांच्या जिवाच्या पंखाच्या कोंबात खसखशीएवढा मणी ठेवायचा. काही मण्यांत वाढीचा संदेश देणारं रसायन, काहींत नुसतं पाणी. दोन दिवसांनी ती ते पिल्लू काचेच्या बशीत काढून द्यायची आणि कोंब किती वाढला ते त्याने मोजायचं. कुठल्या अंड्यात काय आहे हे मात्र त्याला कळता कामा नये. कळलं की माणूस नकळत हवं तेच मोजतो.

"आणि मणी ठेवायला उशीर झाला तर?" त्याने एकदा विचारलं होतं.

"पेशी एखादा दिवसच ऐकतात. मग कितीही सांगा... ढिम्म."

हे तिने अगदी शिकवल्यासारखं सांगितलं, आणि घरी जाताना तिचंच तिला जड झालं. भिंगावर वाकताना त्याच्या कपाळावर येणारी बट तिला पाठ झाली होती. तो शुक्रवारी जाणार होता, दूरच्या गावी, थोरल्या भावाने बघून ठेवलेल्या नोकरीवर. तो तिला हवा होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता.

गुरुवारी दुपारी तिने वही पुढे सरकवली. शेवटच्या पानावर नेहमीचं वाक्य होतं : मोजणाऱ्याला काहीही माहीत नव्हतं. खाली त्याची सही हवी होती.

त्याने पेन उचललं... आणि ठेवलं.

"मी खोटी सही नाही करणार."

"म्हणजे?"

"मला कळत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून. रसायनाचं अंडं असलं की बशी देताना तू श्वास रोखून धरतेस."

तिचा चेहरा पडला. तीन आठवडे पाण्यात!

"तेव्हाच का नाही बोललास?"

"बोललो असतो तर मॅडमनी दुसरा मोजणारा बसवला असता." तो खाली बघत म्हणाला, "मला बशीकडे बघायचं होतं गं. पण मी तुझ्याकडेच बघत राहिलो. माफ कर... तुझं काम बुडवलं मी."

राग यायला हवा होता. तिने शोधूनही पाहिला, पण सापडला नाही. तिने ते वाक्य खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात लिहिलं : मोजणाऱ्याला माहीत होतं. मग खाली स्वतःची सही केली.

"आता माझंही ऐक. हे काम दहा दिवसांचं होतं. मी रोज थोडीथोडीच अंडी देत तीन आठवडे पुरवलं."

त्याने मान वर केली. "का?"

"तू जाऊ नयेस म्हणून." तिने नजर वळवली नाही. "उद्या तू जा. भावाला शब्द दिलायस. पण माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि ते मी आज सांगितलं."

त्याने टेबलावरचा तिचा हात हातात घेतला. प्रयोगशाळा बंद करायला आलेल्या शिपाईकाकांनी दोनदा खाकरून पाहिलं, तरी दोघांनी हात सोडला नाही.