कोवेश्वारचा आल्दोमाश

पूर्वेच्या डोंगरमाथ्यावर तांबडे फुटत होते, उतारांवरच्या द्राक्षमळ्यांतून धुके वर चढत कोवेश्वार गडाच्या तटाला बिलगत होते, आणि त्या धुक्यापलीकडे, जिथे एरवी या दिवसांत तोडणीची गाणी ऐकू यायची, तिथे ऑस्ट्रियाच्या बादशहाच्या तोफा गडाकडे तोंडे करून उभ्या होत्या. हंगेरीच्या त्या मुलखाने बादशहाविरुद्ध बंड पुकारले होते आणि त्याची शिक्षा म्हणून गडाला वेढा पडला होता. वेलींवरची द्राक्षे सुकून चालली होती. त्या सुकलेल्या द्राक्षांतूनच मधासारखी दाट वाइन निघते, जिच्यासाठी राजेरजवाडे जीव टाकतात. पण तोडायला गडाखाली उतरणार कोण?

किल्लेदार गाश्पार यांनी तहाचे बोलणे लावले होते. गडाचे दरवाजे उघडायचे, हत्यारे ठेवायची आणि शिबंदीने सुखरूप आपापल्या घरी जायचे, असे त्यांनी सर्वांना सांगितले होते. आज सेनापती हाल्डेनबेर्ख स्वतः गडावर येणार होते, आल्दोमाशसाठी. आल्दोमाश म्हणजे करारावर प्यायची वाइन. त्या मुलखात कागदावर कितीही मोहरा उठवा, दोन्ही पक्षांनी चारचौघांत एका पेल्यातून घोट घेतल्याशिवाय करार झाला असे कुणी मानत नसे, आणि एकदा घेतला की मोडण्याची कुणाची छाती नसे.

पेला भरायचा मान घरातल्या सर्वांत धाकट्याचा. म्हणून किल्लेदारांनी आपल्या पुतणीला, सोळा वर्षांच्या बोर्बालाला, तळघराच्या दाराशी गाठले.

"पेला भर, हसून पुढे कर, आणि तोंड बंद ठेव. अटी मी सांगेन."

बोर्बाला थबकली. "काका, अटी पाहुण्याने सांगायच्या असतात."

"त्याला आपली भाषा येत नाही."

"मग काल याच तळघरात बसून तासभर तुमच्याशी बोलत होता, ते काय कोंबड्यांच्या भाषेत? तुम्हाला कुठे जर्मन येते?"

किल्लेदारांचा चेहरा उतरला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, माणसे काय, पुन्हा जन्माला येतात. या वेली आपल्या पणजोबांनी लावल्यात. तो जाळून टाकीन म्हणतो."

एवढेच बोलले ते. पण त्या एका वाक्याने बोर्बालाच्या अंगाचा तिळपापड झाला. माणसे पुन्हा जन्माला येतात? म्हणजे कुणाची माणसे, आणि ती कुठे चालली? तिने काळ्या बुरशीने मखमलीसारख्या झालेल्या भिंतींच्या तळघरातून जुन्यात जुन्या पिंपाची वाइन काढली आणि घागर उचलून ती चौकात आली.

चौकात शिबंदी रांगेने उभी होती, हत्यारांविना. पाहुणा येईतो शस्त्रे कोठारात, असा किल्लेदारांचा हुकूम होता. सेनापती चार स्वारांसह आले, भरजरी डगला, कमरेला पिस्तूल. मुजरे झाले, कुशल विचारून झाले. किल्लेदार घसा खाकरून पुढे सरले, तोच बोर्बालाने पेला काठोकाठ भरला, सेनापतींसमोर गुडघा टेकला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाली,

"सरकार, आमच्या गडाची रीत अशी की पाहुणा आपल्या तोंडाने अटी सांगतो. आपल्या मुखातून ऐकण्याचे भाग्य या शिपायांना लाभावे."

"बोर्बाला, बाजूला हो," किल्लेदार म्हणाले.

पण सेनापती खूश झाले होते. किल्लेदाराने शिपायांची संमती घेतली आहे, असे त्यांना वाटत होते. आणि हा समारंभ म्हणजे पिण्याआधीचे चार शब्द, एवढीच त्यांची समजूत. मोडक्यातोडक्या माग्यार, म्हणजे हंगेरीच्या भाषेत त्यांनी मोठ्या ऐटीत सांगितले, "गड बादशहाचा. मळे आणि जहागीर किल्लेदाराची. आणि तुम्ही शूर लोक, उद्या ऱ्हाइनकाठी कूच. बादशहाच्या पलटणीत. मरेपर्यंत."



"काय म्हणाला हा?" म्हातारा गोलंदाज आम्ब्रुश शेजाऱ्याला विचारू लागला. "घरी ना? घरी म्हणाले होते ना?"

"ऐकलंत ना, आम्ब्रुश बाबा?" बोर्बाला उठून उभी राहिली. "तुम्हाला विकून काकांनी वेली विकत घेतल्यात." आणि तिने तो पेला उलटा केला. सोन्यासारखी वाइन दगडांवर सांडली, सेनापतींच्या बुटांवर उडाली. सांडलेल्या पेल्याचा करार होत नाही, हे तिथल्या लहान पोरालाही ठाऊक होते.

सेनापतींनी पिस्तूल तिच्या कपाळाला लावले. ती हलली नाही. "झाडा," ती म्हणाली, "पण दरवाजा पन्नास पावलांवर आहे, आणि ही माणसे मला लहानपणापासून ओळखतात."

रांग मोडली होती. रिकाम्या हातांचे ते शिपाई चारी बाजूंनी जवळ येत होते. सेनापतींनी पिस्तूल खाली घेतले. पाहुणा म्हणून आला, पाहुणा म्हणून जाऊ दे, असे आम्ब्रुश म्हणाला आणि त्यांना वाट मिळाली. त्यांच्यामागे किल्लेदार गाश्पारही गेले. त्यांना कुणी अडवले नाही, कुणी त्यांच्याकडे पाहिलेही नाही.

दुपारी मळे पेटले. तटावर उभे राहून ज्यांनी ते पाहिले, त्यांतल्या प्रत्येकाने त्या वेली छाटल्या होत्या, बांधल्या होत्या. कित्येक जण ढसाढसा रडले आणि रडता रडता तोफा ठासत राहिले. पहिल्या बर्फात वेढा उठला. गड पडला नाही.

नव्या वेलींची पहिली वाइन पाचव्या वर्षी आली, इतकी आंबट की डोळे मिटावेत. त्याच हिवाळ्यात व्हिएन्नाहून गाश्पारकाकांनी एक पिंप पाठवले, जळालेल्या मळ्यांतल्या जुन्या, मधाळ वाइनचे. निरोप आला की पोरीने राग सोडावा.

बोर्बालाने पिंप तबेल्यात नेववले आणि त्या वाइनने घोड्यांच्या जखमा धुवून घेतल्या. मग सगळे चौकात बसले आणि ती आंबट वाइन, तोंडे वाकडी करत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.