मंजुरीचं बटण

"अहो, भिंतीला नोकरी देता येत नाही. तिला कसली उत्तरं देताय?"

मी त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणते, आणि आई उगाच काही म्हणत नाही. मुलाखतीला आलेले आम्ही सगळे वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीच्या बाहेरच्या खोलीत बसलो होतो, आणि हा एकटाच पाण्याच्या कूलरपाशी भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होता.

तो दचकून वळला. कान लालेलाल.

"सर्व्हरला काही आठवत नाही, ते पाठ करत होतो. ब्राउझरकडून आलेली प्रत्येक विनंती त्याला नवीकोरी. एवढंच."

"म्हणजे काल भेटलेली मुलगी आज समोर आली, तरी ओळख नाही?"

"तिच्याकडे कुकी, म्हणजे ब्राउझरने जपलेली चिठ्ठी, असेल तर ओळखेल. त्यात तिचा सेशन नंबर असतो, तो बघून..." तो थांबला. माझ्याकडे नीट पाहिलं त्याने. "मी मात्र... नंबराशिवाय ओळखीन."

बोलून तो स्वतःच इतका घाबरला, की कूलरचा नळ सोडला आणि खाली पेला धरायचाच राहिला!

प्रत्येक उत्तराच्या शेवटी 'एवढंच' म्हणायचा, म्हणून मी त्याचं नावच 'एवढंच' ठेवलं. तो मला मास्तरीणबाई म्हणू लागला. त्या दिवशीच्या लेखी परीक्षेत आम्ही दोघंही पास झालो होतो आणि पुढच्या फेऱ्यांची तयारी वाचनालयाच्या जिन्यात बसून करत होतो, कारण आत बोललं की ग्रंथपालबाई डोळे वटारायच्या. जिना अरुंद. कुणी वर जायला लागलं की आम्हाला सरकून बसावं लागे... आणि माणूस निघून गेलं तरी परत लांब सरकायचं दोघांपैकी कुणालाच सुचत नसे.

"पासवर्ड सांकेतिक न करता, आहे तसाच साठवला तर?" मी विचारायचे.

"तर मास्तरीणबाई, तुम्ही मला पायरीवरून ढकलाल."

"शहाणा आहेस. पुढचा प्रश्न."

जागा एकच होती. हे दोघांना ठाऊक होतं आणि दोघंही त्यावर बोलत नव्हतो. माझी आधीची कंपनी बंद पडली होती आणि घरी स्थळांचे फोन सुरू झाले होते. त्याचं त्याहून अवघड. तो दादा-वहिनीकडे राहायचा, रात्री बैठकीच्या खोलीत गादी पसरून झोपायचा. "वहिनी काही बोलत नाही गं," तो एकदा म्हणाला. "वाढताना फक्त विचारते, आज कुठून फोन आला का... घास घशातच अडकतो." मी गप्प बसले म्हणजे मला किती वाईट वाटलं असेल, बघा.

शेवटच्या फेरीला आम्ही दोघंच उरलो. त्या कंपनीची एक रीत होती. एकाचं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय तिथे काही पुढे जात नसे, मुलाखतीतसुद्धा. रजेच्या अर्जाची छोटीशी वेबसाइट दोघांनी आपापली बनवायची, मग खुर्च्या बदलायच्या आणि एकमेकांच्या चुका पॅनेलसमोर सांगायच्या.

आधी त्याने माझं काम तपासलं. "तारखा उलट्यासुलट्या टाकल्या तरी अर्ज जातो," तो म्हणाला. "बाकी छान आहे. एवढंच."

मग मी त्याचं उघडलं. स्वच्छ, नेटकं काम. वाचताना मला उगाच अभिमान वाटत होता. आणि मग ते दिसलं. रजा मंजूर करायचं बटण त्याने फक्त साहेबांनाच दिसेल असं ठेवलं होतं. पण खरी मंजुरी होते सर्व्हरवर, आणि तिथे 'विनंती पाठवणारा साहेब आहे का' हे तपासलंच नव्हतं. बटण दिसलं नाही म्हणून काय झालं? सरळ विनंती पाठवली की कुणीही स्वतःची रजा स्वतःच मंजूर करून मोकळा. खिडक्यांना पडदे लावले होते आणि दाराला कडी घालायची राहिली होती.

मी तो भाग पुन्हा एकदा वाचला. नजरचूक नव्हती.

"काही सापडलं?" पॅनेलमधल्या बाईंनी विचारलं.

नाही म्हटलं असतं तर? कदाचित त्यांनाही दिसलं नसतं. कदाचित जागा त्याला मिळाली असती, आणि त्या घरात त्याला सुखाने चार घास खाता आले असते. खरं सांगते, मला नोकरीपेक्षा तो जास्त हवा होता. पण खोटं बोलून त्याला नोकरी मिळवून दिली असती, तर पुढे त्याच्या डोळ्यांत बघायचं कसं मी?

माझ्या चेहऱ्यावरून त्याला कळलं असावं. त्याने मान वळवून स्क्रीनकडे पाहिलं... आणि त्यालाही दिसलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"सापडलं," मी म्हणाले. आणि सगळं सांगितलं. आवाज कापत होता, तरी सांगितलं.

नोकरी मला मिळाली.

खाली फाटकापाशी मी त्याला गाठलं. "रागावलास?"

"हो," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस, म्हणून जास्तच." आणि चालू लागला. मला वाटलं, वळून बघेल. नाही बघितलं.

मी कामावर रुजू झाले. आई खूश होती. मला मात्र भाजीत मीठ आहे की नाही तेही कळत नव्हतं. रोज त्याच्यासाठी मेसेज लिहायचे आणि पुसायचे. लिहिणार तरी काय? माफी मागावी, तर चूक केली नव्हती. न मागावी, तर राहवत नव्हतं.

असे कितीतरी आठवडे गेले. मग एका संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडले, तर फाटकाशेजारी तो उभा. दाढी वाढलेली, शर्टाला मात्र कडक इस्त्री.

"नोकरी लागली?" मी कसंबसं विचारलं.

"नाही अजून."

"मग... इथे कसा?"

"रागवून रागवून दमलो." तो जरासा हसला. "वहिनीला सगळं सांगितलं. ती म्हणते, पोरीने बरं केलं. मग मी दोन दिवस वहिनीवरही रुसलो."

मला हसू फुटलं आणि डोळेही भरून आले.

"मला सगळे धीर देतात," तो म्हणाला. "होईल रे, लागेल रे. खरं कुणी सांगत नाही. तू सांगितलंस. आवाज कापत होता, तरी." त्याने मोठा श्वास घेतला. "म्हणून एक गोष्ट तुलाच विचारायचीय. मी तुला आवडतो का? कीव नको. नोकरी नाही, झोपायला स्वतःची खोली नाही, सगळं तुला माहीत आहे. नाही म्हणालीस तर मी ऐकून घेईन. पण हो म्हणालीस... तर पुन्हा विचारणार नाही, खरंच का म्हणून."

माझ्या ऑफिसातली माणसं आजूबाजूने जात होती, वळून बघत होती. बघेनात का!

"हो," मी म्हणाले.

आणि त्याने पुन्हा विचारलं नाही.