टोपलीत ठेवलेला आवाज

टायपिंगवालीचा कॉम्प्युटर इतका म्हातारा झाला होता, की बटण दाबावं, चहा टाकावा, पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठे त्याचा पडदा उजळायचा. त्या सकाळी तर त्याने हातच टेकले. सी ड्राइव्ह भरला म्हणे. लाल पट्टी काठोकाठ! आणि दुपारी यायची होती नणंद. सासूबाई जाण्याआधी नवऱ्याने त्यांचं बोलणं या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवलं होतं. नणंद परगावी नर्स. दुसऱ्यांच्या आयांच्या उशाशी बसली, स्वतःच्या आईपाशी मात्र वेळेवर पोचली नाही. आईचा आवाज तेवढा तिला न्यायचा होता.

मशीन अडून बसलं तर ती बिचारी ऐकणार काय? म्हणून टायपिंगवाली कंबर कसून साफसफाईला बसली. तात्पुरत्या फायली? गेल्या. जुने अपडेट? गेले. रिसायकल बिन तर सगळ्यात फुगलेलं. कचऱ्याची टोपली ती, तिचा कसला विचार करायचा? चौकोनात टिक केली, ओके दाबलं. पट्टी निळीशार झाली.

मग ती आवाजाच्या फायली शोधायला लागली. कुठेच नाहीत. नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, कुठल्यातरी इमारतीत अधांतरी उभा.

"अहो, आईंच्या फायली कुठे ठेवल्यात?"

"रिसायकल बिनमध्ये."

"काय?"

"अगं, तिथे कुणी हात घालत नाही. बाहेर ठेवलं की तू लगेच आवरायला घेतेस."

"बरं" म्हणून तिने फोन ठेवला.

वळून बघते तर पट्टी पुन्हा लाल! टोपली उघडली. आत फायलीच फायली, सगळ्या आजच्या तारखेच्या. परत आल्या म्हणायच्या! तिचा जीव भांड्यात पडला. एक फाइल बाहेर ओढून लावली, हेडफोन कानांवर चढवला.

पंख्याची घरघर. खाटेची करकर. मग बराच वेळ काहीच नाही. आणि तिचाच आवाज, "हो, आले आले."

फाइल संपली. दुसरी लावली. खाट करकरली, शांतता. "आले हो, एवढं पान होऊ द्या."

तिसरीतही तेच.

सासूबाई आतल्या खोलीतून हाक मारायच्या. ही इथूनच 'आले' म्हणायची, बोटं थांबायची नाहीत. वकिलांचे कागद दुपारपर्यंत हवे असायचे. पान संपायचं, दुसरं लागायचं. आता हाका तेवढ्या पुसल्या गेल्या होत्या. उत्तरं राहिली होती.

तिने टोपली रिकामी केली. पट्टी निळी झाली आणि डोळ्यांदेखत लाल होत गेली. पुन्हा पुसलं. पुन्हा भरलं.

बेल वाजली.

"काय गं वहिनी, चेहरा का असा? तुझा हा डबा अजून चालतो?" नणंद सरळ खुर्चीतच बसली.

"अगं, माझ्या हातून..."

तोवर नणंदेने हेडफोन घातलासुद्धा.

टायपिंगवाली भिंतीला टेकून उभी राहिली. आता कळणार. सगळं कळणार.

नणंदेचे डोळे भरले. मग ती चक्क हसली.

"किती स्पष्ट येतंय गं! उशाशी बसल्यासारखं."

"काय येतंय?"

"आई! दुसरं कोण?"

टायपिंगवालीने हेडफोन घेऊन कानाला लावला. पंखा. खाट. "हो, आले आले."

"मला नाही येत ऐकू," ती कशीबशी म्हणाली. "काय म्हणतात त्या?"

नणंदेने पुन्हा हेडफोन घातला. मान डोलवत ऐकत राहिली. पडद्यावरची फाइल कधीच संपली होती. ती ऐकतच होती.

हळूहळू तिचं हसू मावळलं.

"आई तुलाच सांगतेय," ती म्हणाली. "काम आटप आणि मग ये म्हणते. आता तिला घाई नाही."