जुना द्या, नवा घ्या

स्टोअरच्या खिडकीवर लाल अक्षरांत पाटी होती: 'जुना द्या, नवा घ्या'. ती समोर दिसत असूनही कुणी रिकाम्या हाताने आला की ताई त्याला ती मोठ्याने वाचायला लावायची. गॅरेजमध्ये सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले फिटरकाकासुद्धा. तिच्या नाकावर राग असायचा हे खरं, पण बावीस व्हॅनचा एकही नट तिच्या नजरेतून सुटत नसे हेही खरं.

पद्धत साधी होती. गाडीचा खराब झालेला भाग काढून फिटरने खिडकीत ठेवायचा. ताई त्याला तारेने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर गाडीचा नंबर आणि बाजू लिहायची आणि तो मागच्या भंगाराच्या रॅकवर ठेवायची. मग नवा द्यायची. नऊ वर्षांत तिच्याशिवाय कुणी चिठ्ठी लिहिली नव्हती.

नवीन साहेब आले आणि रॅकवर धूळ बसायला लागली. पुढच्या चाकाचं काम काढलं की व्हॅन अर्धा दिवस उभी राहते, फेऱ्या बुडतात, म्हणून साहेबांनी हुकूम काढला की त्यांच्या सहीशिवाय नवा बॉल जॉइंट बाहेर जायचा नाही. सही काही होत नसे. सोळा नवे जॉइंट पिशव्यांत बंद होऊन शेल्फवर पडले होते.

बॉल जॉइंट म्हणजे मुठीएवढी वस्तू. लोखंडी वाटीत बसलेला गोळा, त्याला दांडा, वर रबराची टोपी. पुढचं चाक वळतं, खड्ड्यात वरखाली होतं, ते याच्या जिवावर. टोपी फाटली की आत धूळपाणी शिरतं, ग्रीस जातं, गोळा झिजत जातो. आधी खड्ड्यात टक् वाजतं. मग टायर एकाच कडेने झिजतो, स्टिअरिंग ओढ घेतं. आणि एक दिवस गोळा वाटीतून निसटतो आणि चाक गाडीखाली आडवं होतं. यावर साहेबांचा उपाय ठरलेला होता. वरचं रबर बदला, ग्रीस ठासून भरा, आवाज जातो. आवाज जायचाही, आठ-पंधरा दिवस. झीज नव्या टोपीखाली तशीच राहायची.

हे ऐकलं की ताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "मेलेल्या माणसाला नवा सदरा घातला तर तो कामाला जातो का हो साहेब?" असं तिने एकदा सगळ्यांसमोर विचारलं होतं. सगळे हसले. साहेबही हसले. हुकूम तसाच राहिला.

एका सोमवारी सकाळी कुलूप काढून ती आत आली तर रॅकच्या मधल्या खणात एक बॉल जॉइंट होता. गोळा वाटीतून उपटून निघालेला, वाटीची कड उकललेली, ग्रीस ओलं. चिठ्ठी बांधलेली होती: 'नऊ नंबर, डावी बाजू'. अक्षर तिचंच होतं. शेवटच्या उकाराची शेपटी ती गरजेपेक्षा लांब ओढायची, तशीच ओढलेली.

तिने फिटरकाकांना हाक मारली.

"काका, नऊ नंबर कुणी खोलली?"

"कुणी नाही. सकाळीच दवाखान्याच्या फेरीला गेली की."

काकांनी तुकडा हातात घेतला, उलटासुलटा केला, ग्रीसचा वास घेतला. "कुणीतरी चेष्टा केलीय तुमची," ते म्हणाले. पण गॅरेजमध्ये ताईची चेष्टा करायची कुणाची छाती नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

साडेअकराला फोन आला. सिग्नलपाशी नऊ नंबरचं डावं चाक आडवं झालं होतं. वेग नव्हता म्हणून कुणाला खरचटलंही नाही. काका गाडी ओढून घेऊन आले, चाक उघडलं आणि तुटलेला जॉइंट खिडकीत ठेवला. ताई सकाळचा तुकडा आणायला वळली. मधला खण रिकामा होता. खणात ग्रीसचा डागसुद्धा नव्हता.

काकांनी आत येऊन खणात हात फिरवला, तो कोरडाच निघाला. मग ताईने खिडकीतल्या तुकड्याला चिठ्ठी बांधली आणि लिहायला घेतलं. नऊ नंबर, डावी बाजू. लिहिताना तिला वाटलं, आपण लिहीत नाही आहोत, गिरवतो आहोत.

"कुणाला सांगायचं हे, काका?"

"कुणालाच नको. मला आणखी दोन वर्षं इथे काढायचीत."

ती साहेबांकडे गेली. रॅकचं काहीच बोलली नाही. बावीसच्या बावीस व्हॅनचे जॉइंट तपासा, एवढंच म्हणाली. साहेबांनी कागदावरून मान वर केली नाही. "एक तुटला म्हणून काय कंपनी बंद करू, बाई? रबरं बदलून घ्या सगळ्यांची." जिना उतरताना तिने कठडा इतका घट्ट धरला होता की तळहाताला गंज लागला.

गुरुवारी सकाळी त्याच खणात दुसरा तुकडा होता. 'चार नंबर, उजवी बाजू'.

चार नंबर तिच्या धाकट्या भावाची. गाडी चालवताना अखंड शिट्टी वाजवायचा म्हणून गॅरेजमध्ये त्याचं नावच शिट्टी पडलं होतं. तिनेच साहेबांच्या आधीच्या साहेबांकडे शब्द टाकून त्याला इथे लावलं होतं. तुकडा हातात घेऊन ती तशीच आवारात धावली. तो आरशात बघून भांग पाडत होता.

"उतर खाली."

"अगं, सात दहा झाले. कारखान्याच्या बायका स्टॉपवर उभ्या असतील."

"उतर म्हटलं ना!"

काकांनी तिच्या हातातला तुकडा पाहिला आणि काहीएक न विचारता जॅक आणला. चाक धरणाऱ्या लोखंडी आर्मखाली जॅक लावून त्यांनी उजवं चाक जमिनीवरून सुटं केलं, टायरखाली लोखंडी पहार घातली आणि दाबली. टक्. गाडी जागच्या जागी राहिली आणि चाक एकटंच बोटभर वर आलं.

"बघितलंस?" ताई भावाला म्हणाली. नवा जॉइंट तिने आधीच शेल्फवरून काढून एप्रनच्या खिशात घातला होता. तो ती काकांच्या हातात देणार तेवढ्यात जिन्यावरून आवाज आला.

"माझी सही कुठाय?"

"आत्ता करा, साहेब. कागद आणते."

"फेरी होऊ दे. दुपारी करतो."

"दुपारी कशाला? इथे येऊन हात लावून बघा एकदा. चाक हलतंय!"

"आवाज वर करायचा नाही. तुम्ही स्टोअर सांभाळा, बाई. गाड्या मी सांभाळतो." आणि काकांकडे वळून, "जॅक काढा."

काकांनी ताईकडे पाहिलं, मग जमिनीकडे. शेवटी शिट्टीनेच जॅक काढला.

"जाऊ दे ना, ताई. हळूच नेतो, हळूच आणतो. दुपारी तुझ्या मनासारखं कर."

तो शिट्टी वाजवत फाटकाबाहेर पडला. फाटकाच्या उंचवट्यावर चाकाचा आवाज झाला आणि तो सगळ्यांनी ऐकला.

बायकांना त्याने हळूच नेऊन सोडलं. रिकामी गाडी हळूच आणत होता तेव्हा पुलाच्या उतारावर उजवं चाक आडवं झालं. गाडी कठड्यावर आपटून उलटली. ताई दवाखान्यात पोचली तेव्हा सगळं संपलं होतं. नवा जॉइंट पिशवीत बंद असा अजून तिच्या खिशात होता. सकाळचा तुकडा हातातून कधी नाहीसा झाला ते तिला कळलंही नव्हतं. तिला साहेबांचा राग आला आणि तेवढाच स्वतःचा आला. सहीशिवाय दिला असता तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. एवढंच.

दहा दिवसांनी ती कामावर परतली. कुणी समोर येईना. काकांनी फडक्यात गुंडाळलेला चार नंबरचा तुकडा खिडकीत ठेवला. "चिठ्ठी तुमच्याशिवाय कोण लिहिणार," ते पुटपुटले आणि निघून गेले. तिने चिठ्ठी लिहिली. अक्षर नेहमीसारखंच नीट आलं, याचाच तिला संताप आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधल्या खणात तिसरा तुकडा होता.

व्हॅनच्या जॉइंटपेक्षा लहान. चिठ्ठीवर तिचं अक्षर: 'साहेबांची गाडी, डावी बाजू'.

ती स्टुलावर बसली. बाहेर आवारात साहेबांची पांढरी गाडी उभी होती, धुऊन पुसून चकचकीत. पहिला विचार मनात आला तो तिला स्वतःलाच आवडला नाही. होऊ दे, असा तो विचार होता. तिने तो झटकला. पुन्हा आला. पुन्हा झटकला. शेवटी माणूसच आहे, त्यालाही कुणी ताई असेल, असं स्वतःला बजावत ती उठली. तुकड्यावर फडकं टाकलं आणि जिना चढली.

साहेब निघायच्या तयारीत होते. तिला पाहताच त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

"बरं झालं आलात. इथे सही करा."

तिने वाचलं. चार नंबरचा उजवा बॉल जॉइंट मागच्या महिन्यात नवा टाकला होता. तो अपघातात आपटून तुटला. अपघात चालकाच्या भरधाव वेगामुळे झाला. स्टोअरकीपर म्हणून हे सगळं तिने खरं म्हणून लिहून द्यायचं होतं.

"हे खोटं आहे."

"हे कागदावर आहे."

"साहेब, माझा भाऊ हळू चालवत होता. तुम्ही जॅक काढायला लावलात. मी नवा घेऊन उभी होते."

"काकांना तसं काही आठवत नाही म्हणे." साहेबांनी घड्याळ पाहिलं. "हे बघा बाई, आज मला वर अहवाल द्यायचाय. तुमचा भाऊ म्हणून मी दारूचं काही लिहिलेलं नाही. त्याबद्दल खरं तर तुम्ही माझे उपकार मानायला हवेत."

शिट्टीने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. वासानेही त्याला मळमळायचं.

ताईने पेन खाली ठेवलं.

"नाही करत सही."

"ठीक आहे. संध्याकाळपर्यंत विचार करा. नाहीतर उद्यापासून येऊ नका." त्यांनी कागद बॅगेत घातले, किल्ली उचलली. दारापाशी थांबले. "तुम्ही वर आलात कशाला पण? काही सांगायचं होतं का?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत पाहिलं.

"नाही साहेब. काही नाही."

ते जिना उतरले. ती त्यांच्या मागोमाग उतरली आणि स्टोअरच्या खिडकीत येऊन उभी राहिली.

गाडी सुरू झाली. फाटकाच्या उंचवट्यावर पुढचं चाक चढलं, उतरलं.

टक्.

फिटरकाका फाटकापाशीच होते. ते झपाझप चालत खिडकीत आले. तिच्या नजरेला नजर न देता म्हणाले, "ताई, डावीकडे वाजतंय. ऐकलंत?"

"नाही."

"अजून चौकातच असतील. मोबाईलवर सांगू का?"

"त्यांची सही लागेल, काका."

 काकांची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली.

"रॅकवर काय झाकलंय?"

"काही नाही."

ते उभेच राहिले. खिशातला मोबाईल त्यांनी बाहेर काढला, हातात धरला, पुन्हा आत ठेवला. मग आपल्या कामाला लागले.

ताईने फडकं काढलं आणि स्टूल रॅकसमोर ओढून बसली. या वेळी नजर हलवायची नाही असं तिने ठरवलं होतं. तुकडा खणात होता. ग्रीसचा एक थेंब कडेवर जमत होता. बाहेर कुणीतरी टायर ठोकत होतं, कुणीतरी हसलं, पाण्याचा नळ सुरू झाला, बंद झाला.

थेंब पडला नाही.

तासभर गेला असेल.

ऑफिसातला फोन वाजला. तिची पापणी लवली.

खणात पांढऱ्या गाडीचा तुकडा नव्हता. त्याच्या जागी दुसराच होता. तुटलेला, ओला, तारेने चिठ्ठी बांधलेला. तिने तो उचलला. चिठ्ठी उलटून पाहिली, पुन्हा सुलटी केली.

दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

वर काका फोनवर ओरडून विचारत होते, "कुठे? कुठे म्हणालात? एकटेच होते का?"

ताईने तुकडा रॅकवर परत ठेवला नाही. आपल्या टेबलाच्या खणात ठेवला. मग पेनाचं टोपण काढलं आणि शाई नीट उतरते का ते बघायला तळहातावर एक रेघ ओढली.